परभणीत पिझ्झा, पिठापासून भट्टीपर्यंत: वहीतल्या नोंदी

३१ मार्च २०२४, रविवार

आजपासून वही चालू. माझ्या मोटरी भरायच्या (रिवाइंडिंगच्या) दुकानात प्रत्येक मोटरची नोंद असते, कितीची तार, किती टर्न, वार्निश किती तास सुकवलं, म्हणून तीच मोटर दोन वर्षांनी परत आली तरी अडत नाही. पिझ्झ्याचं मात्र मागच्या वर्षी चार वेळा करून बघितलं, त्यात एकदा खरंच चांगला झाला आणि तो कशानं झाला ते घरात एकालाही सांगता येईना. यावेळी तसं होऊ द्यायचं नाही. ९ जूनला छोटीचा दहावा वाढदिवस आहे, तिला घरचाच पाहिजे, "पप्पा पण तो मऊ बेसचा नको" म्हणली.

तो तयार बेस मलाही आवडत नाही, चपटा केलेला गोड पावच तो. मला इटलीतल्या नेपल्सकडचा करायचाय, त्यात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच, तेल नाही, साखर नाही. नेपल्सला १९८४ ला अस्सल पिझ्झा जपायला एक संघटना निघाली, त्यांनी सगळं मापात लिहून ठेवलंय: २०० ते २८० ग्रॅमचा उंडा, हातानंच पसरायचा, लाटणं लावायचं नाही, ३५ सेंटिमीटरच्या वर न्यायचा नाही, काठ एक ते दोन सेंटिमीटर फुगलेला पाहिजे, आणि लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदात भाजून बाहेर. भट्टी ४८५ डिग्रीच्या आसपास.

माझा ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २५० ला संपतो. म्हणजे निम्म्यावरच. हे राहिलेलं निम्मं कुठून आणायचं, सगळा प्रश्न तिथंच आहे असं आज तरी वाटतंय.

आज काम एकच केलं, किराणातून सब्जा आणून कुंडीत पेरला, फालुद्यात टाकतो तोच. पिझ्झ्यावर जे बेसिलचं पान असतं ते आणि सब्जा एकाच जातीची झाडं आहेत, दोन्ही ओसिमम बॅसिलिकम. तुळस वेगळी. आणि आईनं आधीच सांगून ठेवलंय की वृंदावनातल्या तुळशीला ह्या कामासाठी हात लावायचा नाही, ते बरोबरच आहे.

७ एप्रिल, रविवार

पहिली कणिक. मैदा ५००, पाणी ३२५, मीठ १४, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम. रेसिपीत लिहिलं होतं रूम टेंपरेचरला आठ तास ठेवा. सकाळी आठला मळून झाकून ठेवली आणि दुकानावर गेलो, साडेअकराला घरून फोन, "अहो ते पीठ भांड्याच्या बाहेर यायलंय, काय करू?" घरी येऊन बघतो तर वर येऊन परत खाली बसलं होतं, बोट लावलं की चिकट तार, आणि वास सरळ शिंदीसारखा.

किचनमध्ये टेंपरेचर लावून बघितलं, ३८. ज्यानं रेसिपी लिहिली त्याची रूम वीस-बावीसची असणार, त्याचं बरोबर होतं त्याच्या घरात. यीस्टचं असं आहे की दहा डिग्री वाढले की काम साधारण दुप्पट वेगानं होतं, म्हणजे त्याचे आठ तास आपल्याकडं एप्रिलमध्ये अडीच-तीन तासच. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, वार्निशचं सुकणं मी रोज असंच मोजतो.

तरी भाजून बघितलं, ओटीजी २५०, चौदा मिनिटं. खालून पांढरा, वरून चीज तपकिरी, मधे खारी बिस्किटासारखा कडक. चौदा मिनिटात आतलं पाणीच उडून जातं मग मऊपणा राहणार कुठून. साठ सेकंदाचा नियम आहे तो ह्यासाठीच, काठाला रंग यायचा पण आतला ओलावा निघून जायच्या आत बाहेर काढायचा.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. पिझ्झ्याचं काही नाही. संध्याकाळी आई भाकरी करत होती तेव्हा शेजारी बसून गन धरून तव्याचं माप घेतलं (दुकानातली टेंपरेचर गन, बेअरिंगचं टेंपरेचर बघायला घेतलेली). आई तव्यावर पाण्याचे चार थेंब टाकते, ते गोल होऊन पळाले की भाकरी टाकते. सात भाकरी, सातही वेळा गन २३० ते २४० मधेच. एकदाही इकडं तिकडं नाही. "तुझ्या मशीनला काय सांगायचं ते मला थेंब सांगतोय," म्हणली.

१४ एप्रिल, रविवार

आज पिठाच्या मागे लागलो. सगळीकडं डबल झीरो पीठ पाहिजे असं लिहिलेलं असतं आणि लोक समजतात की ते जास्त चिवट असतं. तसं नाही, इटलीत ०० म्हणजे फक्त पीठ किती पांढरं, कोंडा किती काढलेला, जाळल्यावर राख किती उरते (०.५५ टक्क्याच्या आत) त्याचं माप. चिवटपणा प्रोटीनवर, ते ०० मध्ये कमी पण असतं जास्त पण असतं. म्हणजे आपला मैदा रंगानं त्याच्या जवळच आहे, बघायचं ते प्रोटीन.

तीन पिठं घेतली: किराणातला सुटा मैदा, पाकिटातला मैदा (पाकिटावर प्रोटीन १०.८ लिहिलेलं), आणि गिरणीतून बारीक दळून वस्त्रगाळ केलेलं बन्सी गव्हाचं पीठ. प्रत्येकी १०० ग्रॅम घेऊन घट्ट मळून अर्धा तास ठेवलं आणि मग बादलीत पाण्याखाली हळूहळू चोळत धुतलं. पांढरं पाणी निघत जातं, ते स्टार्च, आणि हातात राहतो तो रबरासारखा गोळा म्हणजे ग्लुटेन. छोटी आधी लांबून बघायलती, मग स्वतःच धुवायला बसली, तिला ते लई आवडलं. सुट्या मैद्याचा ओला गोळा २४ ग्रॅम भरला, पाकिटातल्याचा २९. बन्सीचा वजनाला चांगला, ३१, पण ओढला की लांबत नाही, तुटतो. बन्सी हा ड्युरम गहू, शेवया आणि रव्याचा, त्याचं ग्लुटेन ताठ असतं, त्याला लवचिकपणा कमी. शिवाय गिरणीच्या दगडात दळताना स्टार्चचे दाणे फुटतात, असलं पीठ पाणी लई पितं आणि मग उंडा ढिला पडतो.

ठरलं: पाकिटातला मैदा ९० टक्के, बन्सी १० टक्के चवीला. आणि फळीवर भुरभुरायला बन्सीचाच बारीक रवा, त्याच्यावरून पिझ्झा गोट्या घातल्यासारखा घरंगळत जातो. धुतलेलं पांढरं पाणी आईनं टाकू दिलं नाही, खळ म्हणून नऊवारीला लावलं.

२१ एप्रिल, रविवार

फरशी फुटली.

पिझ्झा खालून भाजायचा तर खाली आधीच तापलेलं जड काहीतरी पाहिजे, हवा कितीही तापली तरी ती उष्णता पटकन देत नाही. म्हणून अंगणात उरलेला शहाबादी फरशीचा तुकडा घासून धुऊन आठवडाभर उन्हात ठेवला होता, म्हणलं आता पूर्ण वाळला असेल. ओटीजीत २५० ला ठेवून वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि आतून फटाक्यासारखा आवाज, बघतो तर वरचा एक पापुद्रा उडून काचेवर. काच वाचली. छोटी समोरच बसली होती, ती रडायलाच लागली आणि माझेही हात थरथरायलते. शहाबादी हा थराथरांचा चुनखडीचा दगड, थरांच्या मधे पाणी राहतं, उन्हानं ते निघत नाही, तापलं की त्याची वाफ होती आणि थर उडतो. कुणी हे करणार असाल तर फरशीच्या नादी लागू नका, शहाबादी नको आणि कडप्पा पण नको.

पुढचं नंतर लिहिलेलं: सोमवारी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एमएसची (साध्या लोखंडाची) ८ एमएमची प्लेट कापून घेतली, १० बाय १२ इंच, भरली ४ किलो ९०० ग्रॅम. त्याला सांगून ठेवलं की जीआय नको, त्याच्यावर जस्त असतं, तापलं की त्याचा धूर वाईट. प्लेटवरची निळी-काळी पपडी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून घासून काढली, मग नवा तवा जसा तेल लावून लावून जाळतात तसं चार वेळा केलं. एक गोष्ट वहीत पाहिजेच: प्लेट चकचकीत असताना गननं तापल्यावर पण ९० दाखवलं, तेलानं काळी झाल्यावर त्याच वेळेला, त्याच जागेवर २४८. चकचकीत धातूवर गन खोटं बोलते. दुकानात पण हे लक्षात ठेवायला पाहिजे.

२६ एप्रिल, शुक्रवार

मतदानाची सुट्टी. सकाळी सातलाच मत देऊन आलो, शाळेत तेव्हा पण वीस-पंचवीस माणूस लाईनीत होतं, येताना मार्केटमधून टमाटे आणले.

नेपल्सचा टमाटा म्हणजे सान मार्झानो, लांबट, गराचा, बी कमी, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या आसपासच्या जमिनीतला. काळी जमीन आपलीही ज्वालामुखीचीच आहे, साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्हाचे थरावर थर पडले त्याचा बेसाल्ट झाला आणि त्याच्यापासून ही काळी माती. पण आपला बाजारातला हायब्रीड टमाटा लांबच्या ट्रकात टिकावा म्हणून निवडलेला, जाड सालीचा, पाण्याचा आणि आंबट. तिथं सॉस शिजवतच नाहीत, टमाटा हातानं कुस्करायचा, मीठ घालायचं, झालं, जे काय शिजायचं ते भट्टीत. मी आधी कांदा-लसूण घालून शिजवून बघितला तर ती टमाट्याची भाजीच झाली, चांगली होती, पोळीबरोबर संपवली.

मग असं केलं: लालबुंद पिकलेले लांबट टमाटे निवडून घेतले, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून सालं काढली, बी काढून टाकलं, गर हातानं कुस्करून मीठ घातलं आणि चक्क्यासारखं फडक्यात बांधून नळाला टांगलं, दोन तास. एक किलो टमाट्याचा ३८० ग्रॅम गर राहिला. गोड लागतो. खाली पडलेलं पाणी वरणात.

सब्ज्याची रोपं बोटभर झाली, दुपारी माना टाकतात, कुंडी जिन्याखाली सरकवली.

५ मे, रविवार

चीज. दोन दिवसाचं काम, पहिला दिवस वाया.

मोझरेला मूळ म्हशीच्या दुधाचं, नेपल्सच्या आसपासच्या भागात म्हशी पाळतात आणि त्या चीजला वेगळा मान. म्हशीच्या बाबतीत आपण कुणापेक्षा कमी नाही, मराठवाडी म्हैस ही सरकारी यादीतली स्वतंत्र जात आहे. शनिवारी आपल्या गवळ्याचं दोन लिटर घेतलं, लिंबूसत्व घातलं, रेनेट (दूध गोठवायचं विरजण म्हणा, शाकाहारी, बाहेरून मागवलेलं) घातलं आणि वाट बघत बसलो. दही लागल्यासारखं घट्ट व्हायला पाहिजे, सुरीनं कापता यायला पाहिजे, ते तसं न होता खिचडीसारखं भरड झालं. तासभर विचार केल्यावर कळलं, आईनं सवयीप्रमाणं दूध आल्याआल्या उकळून ठेवलं होतं आणि मी तेच घेतलं. उकळलेल्या दुधात पाण्यातली प्रोटीनं केसीनला (दुधातलं मुख्य प्रोटीन) जाऊन चिकटतात, मग रेनेटला नीट जाळं विणता येत नाही. त्याचं पनीर म्हणून भाजी केली. पनीर पिझ्झ्यावर वितळत का नाही ते पण ह्याच जागेवर कळतं, उकळत्या दुधात आंबट घालून फाडलेलं असतं त्यामुळं तार सुटतच नाही.

आज सकाळी न उकळलेलं दूध, दोन लिटर. ६३ डिग्रीला अर्धा तास धरून ठेवलं (एवढ्यानं जंतू मरतात आणि दूध पण बिघडत नाही), मग गार पाण्यात बसवून ३२ वर आणलं. मे महिन्यात नळाचं पाणीच ३४ चं, म्हणून बर्फ टाकावा लागला. लिंबूसत्व साडेतीन ग्रॅम गार पाण्यात विरघळवून, रेनेट पाव चमच्याच्या आत, अर्धा मिनिट हलवून सोडून दिलं. सात मिनिटात थापटलं तर खरवसासारखं हललं. आई म्हणली, "हे तर चिकाचंच दिसायलं." सुरीनं चौकोन पाडले, हळू ४० पर्यंत नेलं, निवळ काढलं आणि तो गोळा ७५-८० डिग्रीच्या मिठाच्या पाण्यात बुडवून दोन पळ्यांनी दुमडत राहिलो. पहिल्या चार-पाच दुमडीला तुटक तुटक, नंतर अचानक चकाकायला लागला आणि ओढला की हातभर लांब, रेशमासारखा, तुटेचना. माझं बोट भाजलं तरी सोडवत नव्हतं, छोटी दुसरं टोक धरून मागं मागं चालत गेली दारापर्यंत. ३४० ग्रॅम भरलं. निवळीची कढी.

१० मे, शुक्रवार

अक्षय तृतीया. घागरीची पूजा, आमरस-पुरणपोळी. फक्त रात्री कणिक मळून फ्रिजमध्ये टाकली, रविवारसाठी.

१२ मे, रविवार

आता माप बसायला लागलं. मैदा ५४०, बन्सी ६०, पाणी ३७२ (फ्रिजचं, ८ डिग्री), मीठ १६, यीस्ट अर्धा ग्रॅम, ते सोनाराच्या असतो तसल्या छोट्या काट्यावर. पीठ डब्यातच ३६ डिग्रीचं असतं म्हणून पाणी एवढं गार, तिंबून झाल्यावर कणिक बरोबर २५ ला येती. अर्धा तास बाहेर, मग फ्रिजमध्ये दोन रात्री. शनिवारी वाऱ्यानं लाईट तीन तास गेली तेव्हा फ्रिज उघडायचा नाही म्हणून दारावर चिठ्ठी लावली होती. सकाळी चार उंडे केले, २४५ ग्रॅमचे, परत फ्रिज, भाजायच्या एक तास आधी बाहेर. दोन दिवसाच्या थंडीत यीस्ट हळू चालतं आणि चव तयार होत राहती, तीन तासाच्या कणकेत ती येत नाही, तिला नुसता मैद्याचा वास.

ओटीजीत रंग येईना म्हणून ह्यात एक चमचा साखर आणि एक चमचा तेल घातलं. नियमाच्या बाहेर आहे, माहितीये, पण २५० ला त्याशिवाय तांबूसपणा येत नाही. प्लेट एक तास तापवली, पिझ्झा सहा मिनिटात. खालून भाकरीसारखे डाग पडले, पहिल्यांदा. काठ फुगला. वरून मात्र फिका आणि मधे ओला, कारण चीज ताजं, पाणी सोडतं. मोझरेला कापून चाळणीत फ्रिजला चार तास ठेवायचं, नोंद.

१९ मे, रविवार

गावाकडं गेलतो. आईच म्हणली की खालून तवा आणि वरून आर पाहिजे, रोडगे कसे गोवरीच्या आरात चहूकडून भाजतात तसं. शेतात तीन दगडांवर माझी प्लेट, तिच्यावर तीन अर्ध्या विटा, आणि विटांवर लग्नाच्या स्वयंपाकाचा मोठा लोखंडी तवा, त्यात भरून इंगळ. मधल्या फटीत पिझ्झा सरकवायचा. प्लेट ३४०. अडीच मिनिटात झाला. मागच्या बाजूनं काठ काळा, पुढून पांढरा, कारण मधे फिरवता आला नाही, हात घालायला जागाच नव्हती, थोडी राख पण पडली. पण वरचं चीज असं बुडबुडे येऊन वितळलं होतं की ओटीजीत कधीच तसं झालं नाही. वरून येणारी आच काय असती ते आज बघितलं. काका लोकांनी चारही संपवले, चुलते म्हणले कांदा-मिरची कामून नाही टाकली.

२६ मे, रविवार

गल्लीच्या पलीकडच्या बेकरीत गेलो, तिथं अजून लाकडाची भट्टी आहे, पाव-टोस्टची. चाचांची मोटर मी दोन वेळा भरून दिलीये. त्यांना सगळं सांगितलं, ते शांतपणे ऐकून म्हणले, "हौ, या संध्याकाळी, मगर मैं बोलूंगा तब डालना."

भट्टी मी आतून पहिल्यांदा बघितली. विटांची, बैठ्या घुमटाची, तोंड एकच, त्यातूनच लाकडं आत आणि धूर बाहेर. बाभळीची लाकडं आतच दोन तास जाळतात, घुमट आधी काजळून काळा होतो आणि पुरता तापला की काजळी जळून परत पांढरा पडतो, ती खूण. मग विस्तव ओढून काढतात, ओल्या पोत्यानं तळ पुसतात आणि झाकण लावून थांबतात, कारण एवढ्या आचेत पाव टाकला तर जळून जाईल. चाचा तळावर चिमूटभर मैदा टाकून बघतात, तो किती वेळात तांबडा होतो त्यावर अंदाज. ते ज्या वेळेत भट्टी निवायची वाट बघत बसतात तीच वेळ मला पाहिजे होती. त्या पाऊण तासात भट्टी नुसतीच तापून उभी असती, रोज.

तळाला गन लावली, गन ३८० च्या पुढं वाचतच नाही, ती नुसत्या रेघा दाखवायली. पहिला पिझ्झा टाकला, मनात तीस म्हणेपर्यंत जळका वास, पंचेचाळीसला काढला तर खालून कोळसा आणि वरचं चीज नुसतं मऊ झालेलं. दुसरा तसाच. चाचांनी तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि विचारलं, "शक्कर डाली क्या?"

त्यांनी एका घासात ओळखलं. २५० ला रंग यावा म्हणून घातलेली साखर ४०० ला जळते. नेपल्सच्या नियमात साखर-तेल नाही ते का नाही हे वाचून मला कळलं नव्हतं. घरच्या ओटीजीची कणिक वेगळी आणि भट्टीची वेगळी, वहीत दोन पानं केली.

वरून फिकं राहिलं त्याला चाचा म्हणले ज्वाळ पाहिजे. विस्तव पूर्ण काढायचा नाही, एका बाजूला सारायचा आणि त्याच्यावर पिझ्झा टाकायच्या आधी मूठभर पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या). पुढच्या रविवारी या.

२ जून, रविवार

झाला.

साखर नाही, तेल नाही, पाणी तेच, यीस्ट तेच. शेतातून पऱ्हाटीच्या दोन पेंढ्या नेल्या. चाचांनी निखारे डाव्या बाजूला भिंतीला सारले, तळ पुसला आणि दहा मिनिटं थांबायला लावलं, चिमटीतला मैदा काळा न पडता तांबडा झाला तेव्हा मान हलवली. पऱ्हाटी टाकल्याबरोबर भडकली आणि ज्वाळ भिंतीवरून चढून घुमटाला चाटत तोंडापर्यंत आली, पिवळी, पातळ, पाण्यासारखी. तेवढ्यात पिझ्झा आत. दहा सेकंद काहीच नाही, मग काठ असा उठला जसा तव्यावरून आरात टाकलेली भाकरी टम्म फुगती, बघता बघता, आणि त्याच्यावर बारीक बुडबुडे येऊन एकेक काळा ठिपका पडत गेला. चाचांनी लांब दांड्याच्या सळईनं काठाला धरून अर्धा फिरवला, परत पाव फिरवला, शेवटी लाकडी फावड्यावर घेऊन घुमटाजवळ उचलून धरला दोन-तीन सेकंद. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, नेपल्सवाले अगदी हेच करतात. २०१७ ला युनेस्कोनं वारसा म्हणून यादीत घेतली ती नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्याची कला, म्हणजे असलं मनगट. मोबाईलवर ८२ सेकंद.

फाडला तर आत जाळी, मोठी मोठी भोकं, मऊ, ओलसर, आणि बाहेरून पापडाएवढा पातळ कुरकुरीतपणा. खालून वाघासारखे नाही, चित्त्यासारखे ठिपके. मी, चाचा आणि त्यांचा कामाचा पोरगा तिथंच उभं राहून खाल्ला. एक घरी न्यायला डब्यात ठेवला, दहा मिनिटात वाफेनं चामट झाला. वाढदिवसाला पोरांनाच इकडं आणायचं.

९ जून, रविवार

रात्री पाऊस झाला. मृगाचा पहिलाच, चांगला तासभर, सकाळी अंगणात मातीचा वास आणि किचनमध्ये टेंपरेचर २९.

संध्याकाळी बेकरीच्या ओट्यावर सतरंजी टाकून छोटी आणि तिच्या सात मैत्रिणी. उंडे मेसारखेच एक तास आधी बाहेर काढले होते. पहिला पसरायला घेतला तर पसरेचना, हात काढला की रबरासारखा परत आत. भट्टी तयार, पोरी वाट बघायल्यात आणि उंडे ताठ. बोटानं दाबून बघितलं तर आतून अजून गार, यीस्ट जागं झालंच नव्हतं. ३८ मध्ये एक तास पुरत होता, २९ ला कुठून पुरणार. चाचांनी भट्टीचं झाकण लावून आच धरून ठेवली आणि पोरींना गरम टोस्ट दिले, उंड्यांचं भांडं भट्टीच्या कट्ट्यावर ठेवलं. सव्वा तासानं दाबलं तर खड्डा हळूहळू भरून आला. मग एकामागं एक आठ पिझ्झे, सगळ्यात लांबलेला ९५ सेकंदाचा.

वर टमाट्याचा गर, मोझरेला आणि कुंडीतला सब्जा. पान बाजारातल्या बेसिलपेक्षा लहान आणि जरा तिखट वासाचं, पण आचेत गेलं की वास तोच. छोटीनं विचारलं हा मार्गारिटाच का, तर तिला सांगितलं की १८८९ ला इटलीची राणी मार्गारिता नेपल्सला आली तेव्हा तिच्या नावानं केला असं तिकडं सांगतात, लाल-पांढरा-हिरवा, त्यांच्या झेंड्याचे रंग. "आपल्यात पण दोन आहेत यातले," म्हणली.

आईनं काठ आधी खाल्ला, मधलं नंतर. चावून चावून, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, "भाजलाय चांगला. उद्याच्याला एक उंडा मला दे, मी तव्यावर टाकून बघते."

पुढच्या वेळेसाठी: घरात २९-३० असेल तर यीस्ट ०.८ ग्रॅम, पाणी फ्रिजचं नको, माठाचं. उंडे दोन तास आधी बाहेर. पऱ्हाटी शेतातून आणून आत ठेवायची, भिजली तर धूर होतो. चाचांसाठी दोन उंडे जास्तीचे, त्यांना खिम्याचा करून बघायचाय.